जू कुठं टेकतं

खांदशेकणीच्या संध्याकाळी ढवळ्याच्या मानेला तूप-हळद चोळता चोळता माझा हात थांबला. दिवस मावळत होता. गोठ्यात गोमूत्राचा आणि ओल्या कडब्याचा वास भरला होता, आणि चुलीवरून आणलेलं पळसाचं पान अजून हाताला चटका देत होतं. पलीकडं बाबा चांद्याचा खांदा शेकत होते आणि दरवर्षीसारखं त्याच्या कानाशी म्हणत होते, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी वशिंडाच्या पुढं, जिथं जू टेकतं तिथं, बोटं फिरवली. बोटांना ते आधी कळलं, डोळ्यांना नंतर. तळहाताएवढी जागा होती. तिच्या कडेनं बोटभर रुंदीची एक कडी, केस झडलेले, कातडी गुळगुळीत झालेली. वशिंडाच्या अंगाला ती कडी जास्त रुंद आणि लालसर होती, तिथं तूप लागताच ढवळ्यानं कातडं थरथरवलं. आणि मधोमध मात्र केस होते. दबलेले, चपटे, एकाच दिशेला निजलेले, पण शाबूत.

"काहून थांबली व?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे मधले केस कसे राहिले?"

"मधात जू बसून राह्यते. कडेनं घासते." त्यांनी मान वर न करता सांगितलं आणि चांद्याच्या शिंगामागं खाजवत राहिले. त्यांच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. माझ्या लेखी मात्र ते चित्र दहा-अकरा वर्षांपासून ओळखीचं होतं. पुण्यातल्या ऑफिसात, स्क्रीनवर, निळ्या-लाल रंगांत मी ते शेकडो वेळा पाहिलं आहे. मधे निळा गोल म्हणजे चिकटून राहिलेला भाग, भोवती लाल कडी म्हणजे घसरलेला. गोऱ्या बैलाच्या मानेवर ते असं उमटलेलं असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. पोळा झाला, मी परत आले, तरी ते मधले केस डोळ्यांपुढून जात नाहीत.

एकमेकांना टेकलेल्या, दाबल्यावर थोड्या दबणाऱ्या दोन वस्तू घासतात तेव्हा नेमकं काय होतं, याचं गणित मांडणं हे माझं काम आहे. गाडीच्या दाराचं रबर, ब्रेकचं पॅड, बोल्टनं आवळलेले दोन पत्रे. शाळेत आपण शिकतो की घर्षण म्हणजे दाबाच्या प्रमाणात, एका हद्दीपर्यंत वस्तू हलत नाही आणि हद्द ओलांडली की सरकते. पूर्ण थांबलेली किंवा पूर्ण सरकलेली, एवढ्या दोनच अवस्था. पण वस्तू मऊ असली, आणि खरं पाहता प्रत्येक वस्तू थोडीफार मऊ असतेच, तर या दोहोंच्या मधे एक मोठा प्रदेश असतो. १९३८ मध्ये इटलीत कात्तानेओनं आणि १९४९ मध्ये अमेरिकेत मिंडलिननं तो स्वतंत्रपणे मांडला. काचेच्या पेल्यावर अंगठा दाबा आणि घसरू न देता हळूच एका बाजूला ओढा. पलीकडून काचेतून पाहिलं तर दिसतं: अंगठ्याचा मधला भाग जागचा हलत नाही, कडेच्या रेषा मात्र आधीच सरकायला लागतात. कडेला दाब कमी, म्हणून तिथली पकड आधी सुटते. ओढ वाढत गेली की सुटलेली कडी आत आत सरकते, मधला चिकटलेला गोल लहान होत जातो, आणि तो शून्य झाला की अंगठा सटकतो. दोन गोलसर पृष्ठभागांसाठी हिशेबच करायचा तर, घसरण्याच्या हद्दीच्या निम्मी ओढ लावली असतानाच टेकलेल्या जागेपैकी सुमारे ३७ टक्के भाग घसरून गेलेला असतो. ९० टक्के ओढीला तर जेमतेम पाचवा हिस्सा धरून असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला जू जागचं हललेलंही दिसत नाही.

ढवळ्या दिवसभर डवरा ओढतो. प्रत्येक पावलाला जू पुढं-मागं होतं, केसभरच, पण होतं. एका डवरणीत अशी किती हजार पावलं पडत असतील! मधली जागा प्रत्येक वेळी जुवाबरोबर जाते-येते, घासत नाही. कडेची कडी प्रत्येक पावलाला थोडी खरवडली जाते. यंत्रांमध्येही दोन आवळलेल्या भागांच्या जोडावर अशीच कडी झिजते आणि पुढं तिथूनच भेग सुटते. आता बैलाची कातडी म्हणजे काही काच नव्हे. ती ताणते, घामेजते, खाली चरबी सरकते, मान गोल असली तरी बिलियर्डच्या चेंडूसारखी गोल नसते. मिंडलिनचं समीकरण ढवळ्याच्या मानेला जसंच्या तसं लावता येणार नाही हे मला कळतं. ज्याला जे ठाऊक असतं तेच त्याला जिथं तिथं दिसतं, हेही कळतं. तरी बाबांचं वाक्य माझ्या बाजूनं होतं. त्यांनी कुठलं समीकरण वाचलेलं नाही, आणि मधात बसून राह्यते, कडेनं घासते, यात शब्द बदलावा असं काही नाही.

या विषयाचा पहिला धागा हर्ट्झचा. विद्युतलहरींमुळे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे तोच. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वय तेव्हा तेवीस, तो काचेची भिंगं एकमेकांवर ठेवून त्यांतली प्रकाशाची कडी पाहत होता, आणि त्याला प्रश्न पडला की भिंगं एकमेकांना दाबतात तेव्हा स्वतःच थोडी चपटी होत असतील तर? त्यातून त्यानं दोन दबणाऱ्या गोल वस्तूंच्या स्पर्शाचं गणित लिहिलं. भार वाढला तर टेकलेली जागाही वाढते, पण त्या प्रमाणात नाही. भार आठपट केला तर जागा चौपट होते. घर्षण मात्र त्यानं बाजूला ठेवलं होतं. ते मधे घेतलं की सगळं कसं अवघड होतं हे मला पहिल्यांदा पुस्तकातून नव्हे, बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवतात त्या लोखंडी धावेवरून समजलं. तेव्हा मी सहावीत असेन.

आर्णीहून आत आमच्या गावात तेव्हा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बऱ्याच होत्या. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळून आकसायचं आणि धाव खडखडायला लागायची. रस्त्यानं बंडी आली की ऐकूनच कळायचं कोणाची धाव ढिली झाली आहे. मग काही जण रात्रभर चाक नाल्याच्या डोहात टाकून ठेवायचे, लाकूड फुगायचं, दोन-चार दिवस भागायचं. शेवटी लोहाराकडं जावंच लागायचं. लोहार धाव कापून थोडी आखूड करायचा, परत जोडायचा, आणि मग सकाळीच गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती भाजायला ठेवायचा. आम्ही पोरं लिंबाखाली बसून राहायचो. धाव लाल झाली की तिघं जण चिमटे लावून ती उचलत, चाकावर ठेवत, घणानं चारी बाजूंनी ठोकत. लाकडाचा धूर, करपलेला वास, आणि लगेच बादल्यांनी पाणी. चर्रर्र आवाज, वाफ, आणि त्या वाफेतून दुसराच आवाज यायचा: चाक आवळत जाण्याचा. आरे मधल्या तुंब्यात आणि कडेच्या लाकडी पाट्यांत कचकन बसत जायचे. मी त्या आवाजासाठी थांबायचे. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटरच्या आसपास. लोखंड पाचशे अंशांनी तापलं तर तो दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त वाढतो. तेवढ्या दोन सेंटिमीटरवर अख्खी बंडी उभी. आमच्या चाकाच्या धावेला एकही खिळा नव्हता, ती नुसत्या दाबानं आणि घर्षणानं धरून होती.

ढिली धाव म्हणजे काय, हे मला पुढं अभ्यासात फार उपयोगी पडलं. धाव आणि पाट्यामध्ये एखाद्या ठिकाणी फट असेल तर तिथं दाब नाही. दाब असेल तर फट नाही. दोन्ही एकदम असू शकत नाही. आणि धाव पाट्याला आत ढकलू शकते, बाहेर ओढू शकत नाही, कारण मधे डिंक नाही. वाक्यं इतकी साधी आहेत, पण कुठं फट आहे आणि कुठं दाब, हे आधी ठाऊक नसतं. तेच तर शोधायचं असतं. गणितात आपण सहसा आधी सांगतो की या कडेला वस्तू धरलेली आहे, त्या कडेला मोकळी आहे, आणि मग आतलं काढतो. इथं कड कुठली हेच उत्तराचा भाग असतं. रोममध्ये सिन्योरिनीनं १९५९ साली हा प्रश्न नीट मांडला आणि त्याला संदिग्ध कडेचा प्रश्न असं काहीसं नाव दिलं. त्याचा विद्यार्थी फिकेरा यानं १९६३ च्या सुरुवातीला तो सोडवला. सिन्योरिनी तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, त्याच फेब्रुवारीत तो गेला, पण उत्तर मिळाल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर बराच वेळ एकटी बसून राहिले होते. आणि तरी त्या उत्तरात घर्षण नव्हतं. घर्षणासकट तो प्रश्न ड्यूव्हो आणि लिऑन्स यांनी १९७२ मध्ये मांडला, आणि घर्षण पुरेसं कमी असेल तर त्याला उत्तर नक्की असतं एवढं सिद्ध व्हायला १९८० उजाडलं. उत्तर एकच असेल याची खात्री तर घर्षण जास्त असलं की मिळतच नाही. ज्याच्या भरवशावर माणसं हजारो वर्षं दोर आवळत आली, पाचर ठोकत आली, धाव चढवत आली, त्याला उत्तर आहे का, हा प्रश्न माझ्या जन्माच्या जरासा आधी सुटला, आणि तोही अर्धाच.

दोराचं तर मला बाबांनीच शिकवलं होतं. एक गोऱ्हा उधळला होता, कासरा माझ्या हातात, मी दोन्ही पाय रोवून मागं ओढत होते आणि तळहात सोलून निघाले होते. बाबा धावत आले आणि ओरडले, "वढू नको, येढा दे!" शेजारच्या लिंबाला त्यांनी कासऱ्याचे दोन वेढे दिले आणि टोक माझ्याच हातात ठेवलं. गोऱ्हा झटके देत राहिला, मला बोटांतच काय ते जाणवत होतं. दोराच्या वेढ्याचं गणित ऑयलरनं अठराव्या शतकात करून ठेवलं आहे. घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट ओढ घसरण्याआधी तग धरते तो आकडा, ०.३ धरला तर एका वेढ्याला पकड साडेसहा पटींहून जास्त होते, दोन वेढ्यांना ४३ पट, तीन वेढ्यांना २८५ पट. त्या रात्री तळहातांना लावलेलं खोबरेल तेल मला अजून आठवतं.

०.३ हा आकडा मी तिथं उगाच घेतलेला नाही. आमच्या कामात घर्षणांक ठाऊक नसेल तेव्हा बहुतेक जण हाच टाकतात. मीही टाकते. चौकटीत ०.३ लिहायचं आणि पुढं जायचं. मग सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, सुरू होतो: हा बिंदू टेकलेला आहे असं धरून हिशेब करतो, दाब उणे आला की म्हणतो, नाही, सुटलेला आहे, पुन्हा हिशेब, आता तो समोरच्या वस्तूच्या आत घुसला, म्हणजे टेकलेलाच होता. टेकलेला, सुटलेला, टेकलेला, सुटलेला. त्यावर चिकटलेला की घसरलेला हा वेगळा प्रश्न. काही बिंदू असे चुळबुळत राहतात की रात्रभर चालवलेलं गणित सकाळी अर्ध्यावर पडलेलं असतं. नवीन मुलं वैतागून भार एकदम लावून पाहतात. मी त्यांना नेहमी सांगते, आधी नुसता दाब लावा, तो बसू द्या, मग ओढ हळूहळू वाढवा. घर्षणात भार कोणत्या क्रमानं आला यावर उत्तर बदलतं. आधी दाबून मग ओढलं तर एक, दोन्ही एकदम लावलं तर दुसरं. जे एकदा घसरलं त्याची खूण राहते, भार काढून घेतला तरी.

हे सांगताना मी कुणाचे शब्द वापरत होते, ते या वेळी गोठ्यात लक्षात आलं. बैल जुंपल्यावर बाबा लगेच हाकलत नाहीत. शिवळ घालतात, जोतं बांधतात, मग दोघांच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहतात. लहानपणी मला घाई असायची. ते म्हणायचे, "आंधी जू बसू दे, मंग हाक." मी हे वाक्य प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत, पुण्यातल्या थंडगार खोलीत, कितीतरी मुलांना दिलं आहे. ते कुठून आलं हे त्यांना सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच आठवलं नव्हतं. याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे अजून ठरत नाही. कूलाँबनं फ्रान्सच्या रोशफोर बंदरात लाकडावर लाकूड घासून प्रयोग केले आणि १७८१ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळवलं. थोडा वेळ थांबलेलं लाकूड हलवायला जास्त जोर लागतो, हे त्यानं त्यात नोंदवलं होतं. ते मला तारखेसकट पाठ होतं. आमच्याच धुऱ्यावरचं मात्र विसरले.

पोळ्याच्या दिवशी ढवळ्याला झूल घातली, शिंगांना बेगड लावली, तोरणाखाली झडत्या झाल्या. सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला झुलीखालची ती लाल कडी दिसत होती. संध्याकाळी मी गोठ्यात जाऊन जू उलटं करून पाहिलं. जुनं जू, आजोबांच्या वेळचं, गेल्या हंगामात तडकलं होतं. त्याचं पोट इतकं गुळगुळीत आणि गोल होतं की आम्ही पोरं त्यावर घसरगुंडी खेळायचो. हे नवं, बाजारातून आणलेलं, सागाचं, करवतीवर कापलेलं. पोट जवळपास सपाट, आणि कडा नुसत्या मारायच्या म्हणून मारलेल्या. मी अंगठा फिरवला आणि वशिंडाकडच्या कडेला तो अडला. सपाट आणि टोकदार कडेची कठीण वस्तू मऊ वस्तूत दाबली तर दाब मधे नसतो, कडेला असतो; कड अगदी धारदार धरली तर कागदावर तो अनंताला जातो. बूसिनेस्कनं हे १८८५ मध्ये दाखवलं आहे. कडी त्या बाजूला लाल का, याचं उत्तर माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी बाबांना सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. कागदावर मान काढली, जू काढलं, दाबाची रेघ काढली, कडेला ती वर जाताना दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर हाये. नवं जू अजून अंगात बसलं नाई. मले वाटलं झिजून झिजून बसन. पण तेवढ्यात त्याचं कातडं जाईन." आणि थोडं थांबून, "तान्हा पोळा होऊ दे. तू परवा थांबतं का?"

मी एसटीचं आरक्षण पुढं ढकललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटीत हळद आणि तेल कालवलं, नेहमीपेक्षा घट्ट, आणि ढवळ्याच्या मानेला जिथं जू येतं तिथं पातळ, सारखा थर दिला. औषध लावत आहेत असंच मला वाटलं. मग त्यांनी जू उचललं, मला दुसरं टोक धरायला सांगितलं, दोन्ही बैलांच्या मानेवर अलगद टेकवलं आणि हाताचा दाब देऊन थांबले. "हालवू नको." मी श्वासही हळू घेत होते. ढवळ्यानं एकदा कान झटकला. मग आम्ही जू सरळ वर उचललं, उलटं करून ओट्यावर ठेवलं.

सागाच्या तपकिरी लाकडावर पिवळा ठसा उमटला होता. मधे फिकट, कुठं कुठं नुसते ठिपके. वशिंडाकडच्या कडेला मात्र दाट पिवळी चंद्रकोर, इतकी स्पष्ट की केसांच्या रेषाही दिसत होत्या. जिथं टेकतं तिथं पिवळं, जिथं फट तिथं लाकूड. रात्र रात्र गणित चालवून मी जो नकाशा काढते, तो ओट्यावर पडला होता, आणि त्यातून तेलाचा वास येत होता.

"आजा असंच पाहे," बाबा म्हणाले आणि कोनाड्यातून फुटक्या काचेचा तुकडा काढला. काच दोन्ही हातांनी आडवी धरून ते पिवळ्या चंद्रकोरीवरून ओढू लागले. पिवळी भुकटी आणि सागाचे कागदासारखे पातळ पापुद्रे त्यांच्या पायांवर पडत होते. कोर दिसेनाशी झाली तसा त्यांनी तळहातानं भुसा झाडला, कडेवरून अंगठा फिरवला, मग माझा अंगठा धरून तिथून फिरवला. परत हळद, परत जू, परत ठसा. या वेळी कोर बारीक झाली होती आणि मधले ठिपके एकमेकांना मिळायला लागले होते.

चौथ्या खेपेला काच त्यांनी माझ्या हातात दिली. "सावकाश," ते म्हणाले, "लाकडाच्या वळणानं."